पॅकेटच्या पोटातलं हेडर

‘पॅकेट रँडमाइज केलं की आतलं सगळं रँडम होतं.’ सिस्टमव्हेरिलॉगमध्ये टेस्टबेंच लिहिणारे अनेक जण हे गृहीत धरतात. ते अर्धंच खरं आहे.

समजा, पॅकेट क्लासमध्ये हेडर या दुसऱ्या क्लासचं हँडल आहे. हेडरमधल्या पत्त्याला ‘रँड’ लावलंय, पण हँडलला लावायचं राहिलं. मग पॅकेट कितीही वेळा रँडमाइज करा, पत्ता हलणार नाही. तिथवर पोचणाऱ्या प्रत्येक हँडलवर ‘रँड’ हवं. एक जरी सुटलं तरी त्यापुढचं सगळं सॉल्व्हरच्या लेखी स्थिर. पॅकेटच्या कन्स्ट्रेंटमध्ये पत्त्याचा उल्लेख असेल, तर त्याची आहे तीच किंमत धरून बाकीचं सोडवलं जातं.

‘हँडल रँड आहे ना, मग ऑब्जेक्टही रँडमाइजच बनवेल,’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. रँडमाइज ऑब्जेक्ट बनवत नाही. ‘न्यू’ आपणच आधी करायचं असतं. हँडल नल असेल तर ते मुकाट्याने वगळलं जातं आणि रँडमाइज यशाचा 1 परत देतं. कन्स्ट्रेंटने त्या नल हँडलच्या आतलं काही मागितलं तर निदान रनटाइम एरर तरी येते. नाहीतर काहीच कळत नाही. हँडलच्या डायनॅमिक ॲरेतही हेच: कन्स्ट्रेंटने आकार वाढवला की नव्या जागा नलच राहतात. ‘ई’ भाषेतून आलेला माणूस इथे हमखास फसतो, कारण तिथे स्ट्रक्ट प्रकारचं फील्ड जनरेशनच्या वेळी आपोआप तयार होतं आणि ते नको असेल तर उद्गारचिन्ह लावून तसं सांगावं लागतं. म्हणून आतल्या फील्डवर कव्हरेज लावायलाच हवं. एकाच बिनमध्ये सगळे हिट पडलेले दिसले की आधी हँडल तपासावं.

आधी बाहेरचं ठरतं आणि मग आतलं, असंही नाही. हेडरमधली लांबी आणि पॅकेटमधला पेलोडचा आकार यांना जोडणारा कन्स्ट्रेंट असेल, तर दोन्ही ऑब्जेक्टचे कन्स्ट्रेंट एकत्रच सोडवले जातात. उत्तर निघालं नाही तर 0 येतो, दोन्हीकडच्या जुन्या किमती तशाच राहतात आणि पोस्ट-रँडमाइजही चालत नाही. परत आलेली किंमत न तपासणारा कोड त्या शिळ्या किमतीच पुढे पाठवतो.

हँडलवर रँड-मोड 0 केला म्हणून आतल्या फील्डचे मोड बंद होत नाहीत. कुणी थेट हेडरवर रँडमाइज बोलावलं तर पत्ता बदलतो.

स्ट्रक्टचं थोडं निराळं आहे. पॅक्ड स्ट्रक्ट म्हणजे बिटांची एकच पट्टी. व्हेरिएबलला ‘रँड’ लावलं की सगळे बिट त्यात आले. अनपॅक्ड स्ट्रक्टमध्ये मात्र व्हेरिएबलला ‘रँड’ हवंच, शिवाय जे मेंबर बदलायला हवेत त्यांनाही प्रकाराच्या व्याख्येतच ते लावावं लागतं.