एंजिनाचें झांकण घरीं उघडतांना



मोटारीचें बॉनेट उचलून आंत हात घालण्याचा प्रसंग सुशिक्षित कुटुंबांत क्वचितच येतो. गाडी बिघडली कीं ती कारखान्यांत धाडावयाची आणि सायंकाळीं परत आली कीं पैसे मोजावयाचे, एवढाच आपला तिच्या अंतरंगाशीं संबंध. पण गाडीचे सुटे भाग बाजारांत मिळेनासे झाले असतील, आणि त्या जातीच्या गाडीचा माहितगार पंचक्रोशींत नसेल, तर पाना आपल्यालाच हातीं घ्यावा लागतो. गेल्या उन्हाळ्यांत नायगांवीं माझ्यावर तो प्रसंग आला. त्यांत मला जें शिकावयास मिळालें, आणि जें मीं अगोदर शिकावयास हवें होतें, तें आज आपणांस सांगणार आहें.

नायगांव हें नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तालुक्याचें गांव. भोंवतीं काळी जमीन, आणि उन्हाळ्यांत त्या जमिनीची पिठासारखी धूळ. माझे थोरले बंधू नोकरीनिमित्त बरींच वर्षें गोव्यांत होते. तेथें सॅन मोटर्स या कंपनीनें १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस 'सॅन स्टॉर्म' नांवाची एक लहान, दोनच आसनांची, उघड्या छपराची शर्यतीच्या घाटाची मोटार बनविण्यास आरंभ केला होता. शरीर फायबर-कांचेचें, एंजिन फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचें, ११४९ घन सेंटिमीटरचें, सुमारें ६० अश्वशक्तीचें. आतां ती गाडी बनत नाहीं. बंधूंनीं ती हौसेनें घेतली, जपली, आणि ते निवर्तल्यावर ती नायगांवच्या वाड्यांत येऊन उभी राहिली. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, विकायची नाही. पण चालती करता आली तर बघा." एवढें बोलून त्या आंत गेल्या.

गाडी चालू होत होती. पण एंजिनाच्या माथ्यावरील झांकणाच्या कडेनें तेल पाझरून तें धुराच्या तापलेल्या नळीवर ठिबकत होतें. यांत नुसती घाण होण्याचा प्रश्न नव्हता. तापलेल्या नळीवर तेल पडत राहिलें तर तें पेटूं शकतें, आणि फायबर-कांचेच्या शरीरांतील राळ एकदां पेटली कीं विझविणें कठीण. म्हणजे झांकण काढून त्याखालील गॅस्केट बदलल्याविना गाडी चालविणें शक्य नव्हतें. तें गॅस्केट मिळालें, कारण त्या मापाचें रेनॉचें एंजिन ट्विंगो आणि क्लिओ या परदेशी गाड्यांतही बसविलेलें होतें. परंतु झांकणाला किंवा खालच्या अॅल्युमिनियमच्या माथ्याला इजा झाली असती, तर ती भरून काढणें माझ्या आवांक्याबाहेरचें होतें.

येथें बोल्टाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण सारें प्रकरण त्याच्यापाशींच अडतें. बोल्ट म्हणजे खिळा अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो एक अत्यंत ताठ स्प्रिंग आहे. आपण त्याला पिळतों तेव्हां तो सूक्ष्म प्रमाणांत लांबतो, आणि पुन्हां आंखडण्याच्या त्याच्या धडपडीनें झांकण दाबून धरलें जातें. पण आपण पान्यावर लावलेल्या जोरापैकीं त्याला ताणण्याच्या कामीं जेमतेम एक दशांश येतो. उरलेले नऊ दशांश डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणांत खर्च होतात. म्हणून आट्यांत गंज किंवा धूळ असली तर पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि बोल्ट मात्र ढिलाच असतो. उलट आट्यांना तेल असलें तर तितक्याच जोरानें तो तुटेपर्यंत ताणला जाऊं शकतो. आपला हात जें सांगतो तें घर्षणाविषयीं असतें, पकडीविषयीं नव्हे.

दुसरी गोष्ट धातूंची. बोल्ट पोलादाचा, आणि तो ज्यांत शिरतो तो माथा अॅल्युमिनियमचा. उष्णतेनें अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें. एंजिन तापलेलें असतांना झांकणाचा बोल्ट अधिकच ताणलेला असतो आणि भोंवतालचे अॅल्युमिनियमचे आटे मऊ पडलेले असतात. अशा वेळीं जोर लावला तर पोलादाबरोबर ते आटेच उपटून येतात. शिवाय हे दोन धातू ओलाव्यांत एकमेकांस चिकटून राहिले कीं त्यांच्यामध्यें विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते, आणि त्या व्यवहारांत खर्ची पडतें तें अॅल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूहून अधिक जागा व्यापते व आट्यांमधील फट गच्च भरून काढते. गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यांत वाढलेल्या गाडीला मराठवाड्याची धूळ लागली कीं काय होतें, याची कल्पना आपण करूं शकाल.

आतां कृति. आदल्या रात्रींच प्रत्येक बोल्टाच्या डोक्याभोंवतीं पातळ, झिरपणारें तेल सोडून ठेवावें. एका तासांत जें साधत नाहीं तें रात्रभरांत पुष्कळदां साधतें. सकाळीं एंजिन पूर्ण थंड असतांना, उन्हें वाड्यांत येण्यापूर्वीं, बॅटरीची ऋण बाजूची तार काढावी. ही आधीं काढण्याचें कारण असें, कीं दुसरी काढतांना पाना चुकून एंजिनाला टेकला तर ठिणगी उडत नाहीं. मडगार्डावर गोधडी पसरावी. ही सूचना आपण हंसण्यावारी नेऊं नये. फायबर-कांचेवर कोपर टेकून वांकलें तर रंगाला केसासारख्या बारीक चिरा पडतात, आणि पत्र्यासारखी ती ठोकून सरळ होत नाहीं.

मग हवेच्या गाळणीची पेटी उचलावी, आणि ती उचलतांच एंजिनांत हवा जाण्याचें जें तोंड उघडें पडतें त्यांत स्वच्छ फडकें कोंबावें. एक वायसर आंत पडला तर पुढील सर्व श्रम व्यर्थ! माझा पुतण्या या कामीं फार उपयोगी पडला. त्यानें एका पुठ्ठ्यावर झांकणाचा आराखडा काढून बोल्टांच्या जागीं भोंकें पाडलीं, आणि निघालेला बोल्ट त्याच भोंकांत खोंवण्याचा नियम केला. सारे बोल्ट सारखेच दिसत असले तरी त्यांची लांबी सारखी असतेच असें नाहीं. आंखूड जागीं लांब बोल्ट गेला तर तो तळाशीं अडकून अॅल्युमिनियम फोडतो.

पान्याच्या निवडीकडेही लक्ष द्यावें. आमच्या वाड्यांतील जुनीं हत्यारें इंचाच्या मापाचीं, गाडी मिलिमीटरच्या मापाची. अर्ध्या इंचाचा पाना म्हणजे १२.७ मिलिमीटर, तो १२ मिलिमीटरच्या डोक्यावर बसतो खरा, पण खेळतो, आणि दोन पिळांत षट्कोनाचे कोपरे झिजवून त्याला वाटोळें करून सोडतो. ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाचें डोकें बहुधा १० मिलिमीटरचें असतें; त्याला त्याच मापाचा, सहा कोनांचा सॉकेट घ्यावा. बारा कोनांचा सॉकेट सोयीचा असतो, पण जुन्या बोल्टाला तो घातक.

बोल्ट सैल करतांना एकच एक पुरा काढूं नये. कडेच्यांपासून मध्याकडे, आळीपाळीनें, प्रत्येकाला पाव फेरा देत जावें, म्हणजे झांकण एका बाजूनें ओढलें जाऊन वांकडें होत नाहीं.

हें सर्व मला ठाऊक होतें. तरीही कोपऱ्यांतील एक बोल्ट हलेना, तेव्हां मीं पान्याला हातभर लांबीचा पाइप लावला. लांब दांड्याचा दोष हा, कीं बोल्टाची कुरकूर हातापर्यंत पोंचतच नाहीं. मला वाटलें, सुटला. आणि डोकें तुटून सॉकेटमध्यें खुळखुळूं लागलें. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. तें न बोलणें मला फार लागलें. गाडी त्याच्या वडिलांची होती.

माझा पहिला विचार असा, कीं तुटल्या बोल्टाच्या मधोमध भोंक पाडून तो काढावा. पुस्तकांत हा उपाय असतो. पण हातांतील यंत्रानें पोलादांत भोंक पाडूं गेलें तर तें घसरून शेजारच्या मऊ अॅल्युमिनियममध्यें शिरतें, आणि मग खरोखरच इलाज उरत नाहीं. सुदैवानें पुतण्या तोंवर गावांतील एका ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना घेऊन आला. या गृहस्थांनीं अशी गाडी पूर्वीं पाहिली नव्हती. त्यांनीं तुटल्या जागेकडे एकदां पाहिलें आणि म्हणाले, "काका, याला हात लावू नका. बाकीचे काढा अगोदर." मग दुसऱ्या एका कडक बोल्टावर पाना ठेवून म्हणाले, "पहिलं जरासं कसून बघा, मग सोडा. एकदम उलटं ओढू नका."

हा सल्ला ऐकावयास विपरीत वाटतो, परंतु त्याच्या मुळाशीं शास्त्र आहे. सोडण्यापूर्वीं अगदीं किंचित् आवळण्याच्या दिशेनें दाबलें कीं आट्यांतील भुकटीचा थर भंगतो, आणि तेलाला आंत शिरण्यास वाट मिळते. मग पाव फेरा मागें, थोडा पुढें, पुन्हां मागें, असें करीत बोल्ट बाहेर येतो. उरलेले सर्व याच रीतीनें निघाले. झांकण चिकटलें होतें. तेथें मिस्त्रींनीं मला पेचकस घालूं दिला नाहीं, कारण त्याच्या टोकानें पडलेल्या एका चरींतून तेल जन्मभर पाझरत राहतें. लाकडी हातोडीनें कडेला हलके ठोके देतांच तें सुटलें.

आणि झांकण उचलतांच त्यांच्या पहिल्या वाक्याचा अर्थ मला कळला. तुटलेल्या बोल्टाचा जवळजवळ अंगठ्याच्या नखाएवढा दांडा माथ्याच्या वर उभा होता. डोकें तुटलें त्या क्षणींच त्याच्यावरील ताण संपला होता. आतां त्याला धरून होती ती केवळ आट्यांतील भुकटी. जवळ तेल असल्यामुळें ज्योत लावणें शक्य नव्हतें. मिस्त्रींनीं विजेचें सोल्डरिंगचें हत्यार चांगलें तापवून दांड्याच्या टोकाला दोन-तीन मिनिटें टेकवून धरलें. बोल्ट तापून फुगला, निवतांना आंखडला, आणि त्या हालचालीनें भुकटीची पकड सुटली. तेलाचा थेंब सोडून पुन्हां एकदां तसेंच केलें. नंतर कुलूप बसणाऱ्या पकडीनें दांडा धरून मागें-पुढें हलवीत त्यांनीं तो सावकाश फिरविला. मी श्वास रोखून होतों. आटे शाबूत राहून तुकडा बाहेर आला. पुतण्यानें तो पुठ्ठ्यावरील त्याच्या भोंकांत खोंवला, मग काढून खिशांत टाकला.

परत बसविण्याचें काम तुलनेनें सोपें. पृष्ठभाग पुसून कोरडे करावे, आटे स्वच्छ करावे, आणि प्रत्येक बोल्ट प्रथम बोटांनींच लावावा. तो लावतांना आधीं उलटा फिरवावा. आटा आट्यांत पडल्याची बारीकशी 'टक्' जाणवते, तेव्हां सुलटा वळवावा. तिरपे आटे चढण्याचा धोका यानें टळतो. आवळण्याचा क्रम मात्र सोडण्याच्या उलट, म्हणजे मध्यापासून कडेकडे. ६ मिलिमीटरच्या साध्या बोल्टाला सुमारें १० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला पांच किलो वजन टांगल्याइतका. आपला हात त्याच्या दुप्पट जोर सहज लावतो आणि समाधान पावतो, म्हणून हें माप ध्यानांत ठेवावें. नक्की आंकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकांतून घ्यावा.

तोंडांत कोंबलेलें फडकें काढलें कीं नाहीं, हें पुतण्यानें मला दोनदां विचारलें. मग बॅटरीची तार जोडून त्यानें किल्ली फिरविली. एंजिन दहा मिनिटें चालूं दिलें. झांकणाच्या कडेखालीं पांढरा कागद धरून पाहिला, तो कोराच राहिला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, सर्व थंड झाल्यावर, प्रत्येक बोल्ट त्याच मापानें पुन्हां एकदां तपासला. त्या दिवशीं सायंकाळीं पुतण्यानें गाडी नरसीपर्यंत नेऊन आणली. शेजारच्या आसनावर वहिनी होत्या.