सुरकुत्या, रेटिनॉल आणि पेप्टाइड

सिल्वासाच्या एप्रिलमधल्या उन्हात रेटिनॉल लावणाऱ्यांची पंचाईत होते. हे 'अ' जीवनसत्त्वाचं रूप. त्वचेत त्याचं रेटिनॉइक आम्ल बनतं आणि ते पेशीकेंद्रात जाऊन त्वचा घट्ट ठेवणारं कोलॅजन हे प्रथिन वाढवणाऱ्या जनुकांना कामाला लावतं. पण सुरुवातीला चेहरा लाल होतो, सालपटं निघतात, ऊन जास्तच बाधतं. गरोदरपणात तर ते लावूच नये.

म्हणून अनेकजणी पेप्टाइडकडे वळतात. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. कोलॅजन तुटलं की असे तुकडे सुटतात आणि पेशींना दुरुस्तीचा सांगावा मिळतो. १९७३ मध्ये लॉरेन पिकार्ट यांनी मानवी रक्तद्रवात तीन अमिनो आम्लांचं पेप्टाइड ओळखलं; तांब्याशी जोडलेलं तेच आज निळ्या सीरममध्ये असतं. खरी अडचण आत शिरण्याची. सुमारे ५०० डाल्टनपेक्षा जड रेणूंना त्वचेचा वरचा थर सहसा अडवतो. काही पेप्टाइडांना त्यासाठी पामिटिक आम्लाची शेपटी जोडतात, म्हणजे स्निग्ध थरातून वाट मिळते.

पुरावा मात्र रेटिनॉइडांचाच, म्हणजे रेटिनॉल आणि त्याच्या कुळातल्या रेणूंचाच, भक्कम. बारीक सुरकुत्यांसाठी त्यांतल्या ट्रेटिनॉइनला अमेरिकेत १९९५ मध्येच मान्यता मिळाली. त्वचा सोसत असेल तर मी रात्री रेटिनॉलच सुचवेन. नाजूक त्वचेला पेप्टाइड बरं. सनस्क्रीन दोन्हींबरोबर हवंच, ढगाळ दिवशीसुद्धा.