घर व गोठा यांच्या सुरक्षिततेची नोंद

शेतकरी आपल्या पिकाचा हिशेब ठेवतो. कोणत्या शेतात कोणते बियाणे पेरले, खताच्या किती गाड्या घातल्या आणि उतारा किती पडला, हे त्यास ठाऊक असते. परंतु ज्या घरात त्याचे कुटुंब निजते व ज्या गोठ्यात त्याची बैलजोडी बांधलेली असते, त्या इमारतींची अशी नोंद क्वचितच आढळते. पाया किती खोल आहे, माळवदावर माती किती चढली, असे विचारल्यास 'वडिलांच्या वेळेपासून असेच आहे' एवढेच उत्तर मिळते. इमारतीचे पुष्कळसे दोष एकदा पाहून कळत नाहीत. ते हळूहळू वाढतात आणि नोंदीवरूनच ध्यानात येतात.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (हल्लीचा धाराशिव) या जिल्ह्यांत भूकंप झाला. सरकारी आकड्यांप्रमाणे त्यात सुमारे ८,००० माणसे दगावली. बहुतेक मृत्यू घरे अंगावर कोसळल्यामुळे झाले. तेथील घरांच्या भिंती चांगल्या दोन-तीन फूट जाडीच्या होत्या व त्यामुळे त्या भक्कम वाटत. परंतु दगड मातीत बसविलेले होते. भिंतीची आतली व बाहेरची बाजू एकमेकींस जखडणारे आरपार दगड पुष्कळ ठिकाणी नव्हते. धक्का बसताच दोन्ही बाजू सुटल्या आणि दगड व माळवदाची माती निजलेल्या माणसांवर आली.

त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या वर्गात होता. २००२ साली सुधारलेल्या नकाशात तो वरच्या, म्हणजे तिसऱ्या वर्गात घेण्यात आला. यावरून नोंद अपुरी असली की खोटा विश्वास कसा निर्माण होतो, हे दिसून येईल.

माळवदावरील ओझे

माळवद गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर देण्याची रीत आहे. एका वर्षाचा थर नगण्य वाटतो; पण त्याचा हिशेब करून पाहावा. बारा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर एक इंच माती पसरली, तर ती १० घनफूट होते. घनफुटास सुमारे ४५ किलो धरल्यास तिचे वजन साडेचार क्विंटल भरते. दहा वर्षांत असे दहा थर पडले आणि निम्मी माती पावसाने वाहून गेली असे मानले, तरी त्याच तुळयांवर २२ क्विंटलांहून अधिक ओझे नव्याने चढते. माती भिजली म्हणजे ते आणखी वाढते. इकडे तुळईचे भिंतीतील टोक वाळवीने व ओलीने पोखरले जात असते. खालून पाहणाऱ्यास माळवद जसेच्या तसे दिसते. दर वर्षीच्या मातीची नोंद असेल तरच जुना थर केव्हा उतरवावयाचा, हे ठरविता येते.

नोंद कशाची करावी?

प्रत्येक इमारतीसाठी साध्या वहीची दोन पाने पुरेशी होतात. त्यांत पुढील गोष्टी लिहाव्यात.

१. बांधकामाचे वर्ष, पायाची खोली, जमीन काळी की मुरमाड, भिंतीची जाडी, तसेच दगड-विटा मातीत, चुन्यात की सिमेंटात बसविल्या आहेत ते.

२. माळवदावर टाकलेली व त्यावरून उतरवलेली माती : तारीख व थराची जाडी.

३. भिंतीस गेलेला तडा किंवा सुटलेले पोट : जागा, लांबी, रुंदी व तारीख.

४. खांब व तुळया यांची स्थिती.

५. इमारतीत केलेले बदल : नवे दार फोडणे, खांब काढणे, वर मजला चढविणे, भिंतीस टेकून पोत्यांची थप्पी लावणे.

६. पाहणी कोणी केली, कोणती दुरुस्ती सुचविली व ती केव्हा पुरी झाली.

नोंद अचूक हवी

'भिंतीस तडा आहे' एवढे लिहून काहीच साधत नाही. 'उत्तरेकडील भिंत, दारापासून २ फूट, तडा ३ फूट लांब' असे लिहावे. तड्याच्या दोन्ही टोकांशी खूण करून तारीख घालावी. तड्यावर सिमेंटची पातळ पट्टी आडवी लावावी. ती फुटली, तर भिंत अजून हलत आहे असे समजावे. काळ्या जमिनीत पावसाळ्यात माती फुगते व उन्हाळ्यात आकसते. म्हणून मृगापूर्वी एकदा व दिवाळीनंतर एकदा, अशी वर्षातून दोनदा पाहणी करणे इष्ट होय.

काही जण दोष लपवितात, तर काही जण दुरुस्ती होण्यापूर्वीच 'काम पूर्ण' असा शेरा मारतात. असा शेरा नोंद नसण्यापेक्षाही घातक असतो, कारण पुढचा माणूस त्यावर विसंबून त्याच छपराखाली निजतो. शाळा, अंगणवाडी व धान्याचे गोदाम यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष ध्यानी ठेवावी.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराची नोंद असते. परंतु ती कर आकारणीसाठी असल्यामुळे तीवरून घराचा धोका कळत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी जुन्या घरांची वेगळी वही तयार करण्यास शेतकऱ्यांना साहाय्य करावे व तिची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. घर पडले तर घरातील वही ढिगाऱ्याखाली जाईल.

केवळ नोंदीने भिंत सावरली जात नाही. तडा वाढल्याचे दिसताच प्रथम माणसे व जनावरे दुसरीकडे हलवावीत आणि पंचायत समितीकडील अभियंत्यास कळवावे. माळवदावरील जादा माती उतरविण्यास व भिंतीत आरपार दगड घालण्यास लागणारा खर्च घर नव्याने उभारण्याच्या खर्चापेक्षा पुष्कळच कमी असतो. येत्या मृगापूर्वी प्रत्येक शेतकरी बंधूने आपल्या घराचे व गोठ्याचे पहिले पान लिहून काढावे.