अल्बम तोच, कान नवे

ध्वनिमुद्रण एकदा झालं की त्यातला सूर पुन्हा हलत नाही. १९८८ साली मुंबईच्या ‘रॉक मशीन’नं ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा अल्बम काढला, त्यातली गिटार आजही तिथंच चढते, ढोल तिथंच पडतो. पण सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या माझ्या खोलीत तो आज लावला, की कॅसेट भरून घेण्याच्या काळात ज्यानं झपाटलं होतं तो हाच अल्बम का, असा प्रश्न पडतो. मग बदललं कोण?

हा बँड १९८४ मध्ये उभा राहिला. परदेशी गाणी हुबेहूब वाजवली की टाळ्या मिळत, अशा दिवसांत त्यांनी स्वतःची गाणी रचली, आणि मला ते धाडस आजही फार मोठं वाटतं. १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ आला. १९९३ मध्ये बँडनं ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं, १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम काढला, १९९७ मध्ये मंडळी पांगली आणि २०१० मध्ये पुन्हा जमली. उदय बेनेगल यांचा आवाज आणि महेश तिनईकर यांची गिटार घेऊन २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला. पहिला अल्बम मला ऐकताक्षणी आवडला होता. १९९५चा बरीच वर्षं बाजूला पडून राहिला. ‘इव्हॉल्व्ह’ तर पहिल्या ऐकण्यात निसटूनच गेला. आज माझ्या आवडीचा क्रम नेमका उलटा आहे.

हे निव्वळ वयाचं लक्षण नाही. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये दाखवून दिलं, की अर्थ न कळणारे शब्द आणि चिन्हंसुद्धा नुसती वरचेवर समोर आली तरी माणसाला आवडू लागतात. डॅनियल बर्लाइन यांनी पुढची गोष्ट सांगितली: ही आवड चढते, शिखर गाठते आणि मग उतरते. सोपी चीज लवकर शिखरावर जाते आणि लवकर कंटाळवाणी होते. गुंतागुंतीची सावकाश चढते. माझ्या तीन अल्बमांची अदलाबदल या एका वक्ररेषेत बसते. पहिल्यातला पुढचा सूर मला आधीच ठाऊक असतो. ‘इव्हॉल्व्ह’मधला अजून अर्धाच ठाऊक आहे, आणि सगळी गंमत त्या उरलेल्या अर्ध्यात आहे.

कारण ऐकताना मेंदू स्वस्थ बसलेला नसतो, तो पुढच्या सुराचा अंदाज बांधत असतो. माँट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये आवडतं संगीत ऐकणाऱ्यांच्या मेंदूत डोपामिन कधी आणि कुठं स्रवतं ते तपासलं. अंगावर काटा आणणारी जागा येण्याच्या थोडं आधी ते मेंदूच्या एका भागात स्रवतं आणि प्रत्यक्ष त्या जागेवर दुसऱ्या भागात. म्हणजे वाट पाहण्याचा आनंद वेगळा आणि मिळाल्याचा वेगळा! पहिल्यांदा ऐकताना हा पहिला आनंद पुरता मिळणार कुठून? कशाची वाट पाहायची तेच माहीत नसतं.

अंदाज बांधायला आपण शिकतो ते आजूबाजूच्या आवाजांतून. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांचा २००५चा प्रयोग वाचून मी थक्क झालो. सहा महिन्यांच्या उत्तर अमेरिकी बाळांना बाल्कन देशांतल्या विषम तालांतला बिघाडही कळत होता. वर्षाच्या बाळांना तो कळेनासा झाला होता, त्यांचे कान घरच्या तालात बसले होते. मात्र दोन आठवडे तसं संगीत घरी ऐकवल्यावर बाळांना तो पुन्हा कळू लागला. मोठ्या माणसांना तेवढ्यानं जमलं नाही.

आता सोलापूरच्या कानांचा विचार करा. मराठी, कन्नड, तेलुगू अशा तीन भाषांतली गाणी, सिद्धेश्वर यात्रेतली हलगी, पूर्व भागातल्या मागांची खटखट हे सगळं इथं लहानपणापासून कानावर पडतं. रूपकाच्या सात मात्रा इथल्या माणसाला सहज पेलतात, चारचारच्या ठेक्यावर वाढलेला रॉकप्रेमी तिथं अडखळू शकतो. आणि विजेच्या गिटारचा कर्कश गुंजारव ज्याच्या घरात कधी आलाच नाही, त्याला तो गोंगाट वाटणारच. दोघांच्याही कानांत दोष नाही. त्यांच्या अंदाजांची वही वेगवेगळी भरली आहे, एवढंच.

सगळ्यांत अद्भुत प्रयोग मला एलिझाबेथ मार्गुलिस यांचा वाटतो. लुचानो बेरिओ आणि एलियट कार्टर हे विसाव्या शतकातले अवघड समजले जाणारे रचनाकार. त्यांच्या रचनांतले काही तुकडे मार्गुलिस यांनी उचलून त्याच रचनांत पुन्हा एकदा जोडले, बाकी काही केलं नाही. श्रोत्यांना ही पुनरावृत्तीची आवृत्ती अधिक आवडली, अधिक रंजक वाटली. इतकंच नव्हे, ती यंत्रानं नव्हे तर माणसानं रचली असावी, असंही त्यांना अधिक वाटलं. नुसत्या पुन्हा ऐकण्यानं सुरांमागं माणूस दिसू लागला.

म्हणून माझ्या मते एका ऐकण्यावर अल्बमचा निकाल देऊच नये. बँडनं दोन-तीन वर्षं खपून रचलेलं आपण पाऊण तासात खोडून टाकतो, हे बरोबर नाही. तुमच्याकडेही असा एखादा बाजूला सारलेला अल्बम असेल. या आठवड्यात तो रोज एकदा लावा, मधली गाणी न गाळता, आणि मत मात्र रविवारी ठरवा.