प्रोसेसर घासल्याने थंड होतो का?

प्रोसेसरच्या पाठीवर धातूचे एक चौकोनी झाकण असते. ते पॉलिश पेपरवर घासून सपाट केले की प्रोसेसर कमी तापतो, असे कॉम्प्युटरची हौस असलेली मंडळी वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. नगर जिल्ह्यात हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहत नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि सायबर कॅफेत, पतसंस्थेत किंवा घरी मुलांच्या खोलीत एसी असतोच असे नाही. शिवाय सपाटपणाची कदर इथे जुनी आहे. लूना बनवणाऱ्या कायनेटिकचा कारखाना नगरचा, लष्करी वाहनांवर काम करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही प्रयोगशाळाही इथलीच. व्हॉल्व्हला पेस्ट लावून तो सीटवर हाताने फिरवत बसवणे इथल्या कुठल्याही गॅरेजात ठाऊक आहे.

तत्त्व खरे आहे. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले, तरी ते एकमेकांना मोजक्याच उंचवट्यांवर टेकतात. मधल्या फटीत हवा असते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, तर हवेची जेमतेम ०.०२६ वॅट प्रति मीटर केल्विन. तीन सेंटिमीटर बाजूच्या झाकणावर ०.०५ मिलिमीटरचा हवेचा सलग थर आहे असे समजा. १०० वॅट उष्णता त्यातून पार जायची, तर दोन्ही बाजूंच्या तापमानात २०० अंशांहून जास्त फरक पडावा लागेल. त्याच जागी ५ वाहकतेची साधी थर्मल पेस्ट भरली, की हा फरक जवळपास १ अंशावर येतो. प्रत्यक्षात उष्णता झाकणाखालच्या छोट्याशा चिपमधून येते, सगळीकडे सारखी पसरत नाही, म्हणून तो काही अंशांपर्यंत जातो. घासून मिळवायचे ते एवढ्यातूनच. झाकण चांगलेच वाकडे असेल, तर दोन ते पाच अंश कमी होतात. मुळात सपाट असेल, तर काहीच हाती लागत नाही.

सपाट करणे हेही वाटते तितके सोपे नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले, तर एक फुगीर आणि दुसरा खोलगट होऊनही ते छान जुळतात. इंग्रज यंत्रतज्ज्ञ जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगोच्या विज्ञान परिषदेत मांडलेली पद्धत यावरचा उपाय आहे: तीन पाटे घ्यायचे आणि आलटून पालटून जोडीजोडीने एकमेकांशी जुळवायचे. तिन्ही जोड्या जुळल्या, तरच तिन्ही सपाट. घरी काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासताना हात किंचित डोलतो, कडा जास्त झिजतात आणि पृष्ठभाग मधोमध फुगीर होतो. मोजमाप न करता हे काम करू नये, असे माझे ठाम मत आहे.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. २०२१ च्या अखेरीस आलेल्या इंटेलच्या बाराव्या पिढीचे प्रोसेसर बोर्डावरची पकड घट्ट बसली की मधोमध दाबले जाऊन किंचित वाकत. असा प्रोसेसर बाहेर काढून कितीही सपाट करा, परत बसवल्यावर तो वाकणारच. त्यासाठी बाजारात वेगळी चौकट आली, दाब सर्व बाजूंनी सारखा वाटून देणारी. काही कूलरचा तळ तर मुद्दामच किंचित फुगीर ठेवलेला असतो, तो वाकलेल्या झाकणाशी जुळावा म्हणून. आणि झाकणाच्या आतला थर? २०१२ मध्ये इंटेलने चिप आणि झाकण यांच्यामध्ये डाखाऐवजी पेस्ट वापरली. तिथली अडचण वरून घासून सुटण्यासारखी नव्हती.

आता खोलीच्या हवेकडे पाहू. पंख्याचा वेग आणि कामाचा भार तोच राहिला, तर खोली २५ अंशांवरून ३८ अंशांवर गेल्यावर प्रोसेसरही जवळपास १३ अंशांनी वर चढतो. नगर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे इथली हवा किनाऱ्यावरच्यापेक्षा सुमारे ६ टक्के विरळ, आणि पंखा तितकीच कमी हवा ढकलतो. हीटसिंकच्या पात्यांत धूळ साचली असेल, तर त्या हवेलाही वाट उरत नाही. पुण्याच्या आयसरमधील परम ब्रह्म या महासंगणकाला थंड ठेवण्यासाठी द्रव थेट प्रोसेसरजवळून खेळवला जातो, कारण उष्णता शेवटी बाहेर नेणारा टप्पा हवेपेक्षा द्रव फार चांगला सांभाळतो.

म्हणून नगरच्या माणसाने आधी ब्लोअरने धूळ काढावी, वाळून कडक झालेली पेस्ट पुसून नवी लावावी, कूलरचे स्क्रू तिरकस जोडीने, थोडे थोडे, सारखे आवळावेत आणि कॅबिनेट भिंतीपासून दूर सरकवावे. एवढे करूनही पेस्टचा ठसा एका बाजूलाच दाट उमटत असेल, तर लोखंडी पट्टी झाकणावर उभी धरून उजेडात फट बघावी. फट स्पष्ट दिसली, वॉरंटी संपलेली असली आणि प्रोसेसर गेला तरी चालेल अशी तयारी असली, तरच पेपर हातात घ्यावा. घासताना झाकणावर कोरलेला मॉडेल क्रमांक जातो, निकेलचा मुलामा निघून खालचे तांबे उघडे पडते, आणि तो प्रोसेसर पुढे विकताना गिऱ्हाईक मिळणे कठीण होते. लॅपटॉपवाल्यांना हा विचारच करायला नको: त्यातल्या बहुतेक चिपवर झाकणच नसते, आणि उघडी सिलिकॉन चिप घासायला गेले, तर एखादी कड टवकली तरी सगळा लॅपटॉप हातचा जातो.