२२० आणि २८४ : दोन संख्यांची दोस्ती

धाराशिव जिल्ह्यात आपल्या वस्त्यांमध्ये पालकांशी बोलताना एक वाक्य आम्हांला हमखास ऐकू येतं : "सर, हिला गणित जमत नाही. दहावी झाली की बस्स." अशा वेळी आम्ही वाद घालत नाही. वही मागतो आणि दोन संख्या लिहितो : २२० आणि २८४.

२२० ला कोणकोणत्या संख्यांनी निःशेष भाग जातो? १, २, ४, ५, १०, ११, २०, २२, ४४, ५५, ११०. खुद्द २२० सोडून या सगळ्या विभाजकांची बेरीज करा. येते २८४. आता २८४ चे विभाजक घ्या : १, २, ४, ७१, १४२. बेरीज २२०! म्हणजे पहिलीच्या पोटात दुसरी आणि दुसरीच्या पोटात पहिली. म्हणूनच यांना मित्रसंख्या म्हणतात.

ही जोडी प्राचीन ग्रीकांना ठाऊक होती. पण अशा जोड्या शोधायचा नियम नवव्या शतकात बगदादमध्ये साबित इब्न कुर्रा यांनी सिद्ध केला. ते मुसलमान नव्हते, साबी पंथाचे होते. त्या बगदादमध्ये इल्मची कदर होती, ती माणसाचा मजहब विचारून नव्हती.

नियम असा. ५ (३×२−१), ११ (३×४−१) आणि ७१ (९×८−१) या तिन्ही मूळ संख्या आहेत. म्हणून ४×५×११ = २२० आणि ४×७१ = २८४. दोनाचे पुढचे घात घेतले की ११, २३ आणि २८७ मिळतात. पण २८७ = ७×४१, मूळ नाही; इथे नियम लागू होत नाही. त्यापुढची पायरी चालते : २३, ४७, ११५१. त्यातून १७२९६ आणि १८४१६ ही जोडी मिळते. १३०० च्या सुमारास कमालुद्दीन फारिसी यांनी ती मांडली. युरोपात फर्मानं ती १६३६ मध्ये पुन्हा शोधली.

याच दोन संख्या मोहब्बतीच्या तावीजांतही लिहिल्या जात. इब्न खल्दून यांनी १३७७ च्या 'मुकद्दिमा'त याची नोंद केली आहे. आम्हांला वाटतं, या संख्यांची खरी करामत गळ्यात बांधण्यात नाही, वहीत सोडवण्यात आहे.

पुढे ऑयलरनं साठेक जोड्या शोधल्या. तरीही एक छोटी जोडी सगळ्यांच्या नजरेतून सुटली : ११८४ आणि १२१०. ती १८६६ मध्ये सापडली, निकोलो पागानिनी या सोळा वर्षांच्या इटालियन मुलाला. सोळा वर्षं, म्हणजे आपली दहावी-अकरावीची लेकरं!

तेव्हा आज रात्री जेवणं झाली की मोबाईल बाजूला ठेवा आणि लेकीला जवळ बसवा. ११८४ = ३२×३७, एवढाच इशारा द्या. सगळे विभाजक काढून बेरीज तिलाच करू द्या. उत्तर १२१० आलं की तिच्या चेहऱ्याकडे बघा. मग ठरवा, गणित कोणाला जमत नाही ते.