ठोकलेले आकडे

२० ऑक्टोबर १९२७ रोजी हेन्री फोर्ड यांनी हातात हातोडी घेतली आणि नव्या मॉडेल ए गाडीच्या पहिल्या इंजिनावर ‘ए १’ हा क्रमांक स्वतः ठोकला. पुढच्या साडेचार वर्षांत फोर्डने या मॉडेलच्या अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास गाड्या बनवल्या. इंजिनाच्या डाव्या अंगाला, रेडिएटरचं पाणी जिथून आत शिरतं त्याच्या वर, तासून सपाट केलेली एक छोटी जागा असते. क्रमांक तिथे सापडतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक चांदणी उमटवलेली दिसते.

हाच क्रमांक कारखान्यात आणखी एका ठिकाणी ठोकला जाई: चेसिसच्या डाव्या पट्टीच्या वरच्या अंगावर. त्यावर बॉडी बसली की तो झाकला जातो, आणि बॉडी उचलल्याशिवाय नीट वाचता येत नाही. नव्वद-शंभर वर्षांत इंजिनं बदलली जातात, एका गाडीचं दुसरीत जातं. पण बॉडीखाली दडलेल्या आकड्याला सहसा कोणी हात लावलेला नसतो. म्हणून जाणकार माणूस इंजिनावरचा क्रमांक टिपून घेतो, पण खरी उत्सुकता त्याला चेसिसवरच्या क्रमांकाची असते. आधीच्या मॉडेल टीच्या दीड कोटी गाड्या निघाल्या, मात्र बहुतेक काळ त्यांच्या चेसिसवर क्रमांकच नव्हता. इंजिनाचा क्रमांक तोच गाडीचा क्रमांक. इंजिन बदललं की गाडीची मूळ ओळखही त्याच्याबरोबर जाई.

फोर्डची पद्धत त्यामानाने सोपी. जनरल मोटर्सच्या गाड्यांवर मात्र एकाहून अधिक क्रमांक असतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. १९५७ च्या शेव्हरोलेचा एखादा क्रमांक ‘व्हीसी ५७ एफ’ असा सुरू होतो. व्ही म्हणजे आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन, सी म्हणजे बेल एअर मालिका, ५७ हे मॉडेलचं वर्ष आणि एफ म्हणजे फ्लिंटचा कारखाना. पुढचा अनुक्रमांक १००००१ पासून चढत जातो. ही झाली गाडीची नोंद. बॉडीचा कारभार निराळा होता. ती फिशर बॉडी बनवी, आणि ही कंपनी १९२६ पासून पूर्णपणे जनरल मोटर्सच्या मालकीची होती. बॉनेट उघडल्यावर इंजिनामागच्या पत्र्यावर फिशरची छोटी पट्टी दिसते. तिच्यावर बॉडीचा प्रकार, बॉडीचा अनुक्रमांक, आतल्या सजावटीचा आणि रंगाचा क्रमांक असतो. ‘५७-१०३७डी’ असं वाचलं, तर ती बेल एअरची दोन दारांची स्पोर्ट कूपे.

इथे नवख्या माणसाची हमखास गल्लत होते. पट्टीवरचा बॉडी नंबर आणि गाडीचा अनुक्रमांक जुळत नाहीत, म्हणून तो गाडी खोटी ठरवतो. पण ते जुळायचेच नसतात. फिशरचा क्रमांक बॉडी बांधणाऱ्यांनी आपल्या हिशेबासाठी दिलेला, आणि शेव्हरोलेचा संपूर्ण गाडीला. दोन कारखान्यांच्या दोन वह्या.

यापेक्षा मोलाची माहिती ओतीव भागांवर मिळते. ओतकामाच्या साच्यातच तारखेची खूण बसवलेली असे. जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी, असं करत डिसेंबरला एल. मग तारीख, आणि शेवटी वर्षाचा शेवटचा अंक. ‘सी १४ ७’ म्हणजे १४ मार्च १९५७. किंवा १४ मार्च १९६७ सुद्धा! दशक ओळखण्यासाठी त्याच भागावरचा ओतीव भाग-क्रमांक पाहावा लागतो. तर्क अगदी साधा आहे: ब्लॉक आधी ओतला जातो, इंजिन नंतर जुळतं, गाडी त्याच्याही नंतर बाहेर पडते. फेब्रुवारीत तयार झालेल्या गाडीत मार्चमध्ये ओतलेला ब्लॉक असेल, तर तो मागाहून बसवलेला आहे, मग विकणारा काहीही सांगो.

मूळ इंजिन असलेल्या गाडीला बाजारात जास्त किंमत मिळते, आणि त्यातूनच बनवेगिरी जन्माला आली. जुना आकडा घासून काढायचा आणि हवा तो नवा पंच करायचा. तो पकडण्यासाठी आधी भोवतालचा धातू पाहतात. कारखान्यात ब्लॉकचा पृष्ठभाग यंत्राने तासताना त्यावर बारीक समांतर रेघा उमटत. घासताना त्या पुसल्या जातात. हाताने एकेक अंक ठोकलेली जुनी रांग थोडी वरखाली असते, काही अंक खोल तर काही उथळ. आजच्या पंचांच्या अंकांची घडणही वेगळी दिसते. त्याहून पुढची तपासणी प्रयोगशाळेत होते. पंच बसतो तेव्हा त्याच्या खालचा धातूही दाबला जातो. वरचा थर घासला तरी हा दाब आत शिल्लक राहतो. पोलादावर कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असलेलं द्रावण फिरवलं, की दाबलेला भाग वेगळ्या गतीने झिजतो आणि खोडलेला आकडा पुन्हा उमटतो.

तरीही केवळ सुट्या भागांवरून गाडीची ओळख ठरवावी का? हा प्रश्न १९९० मध्ये लंडनच्या न्यायालयात आला. बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’ ही १९२९ आणि १९३० अशी दोन्ही वर्षं ले माँची शर्यत जिंकलेली गाडी. ती एक कोटी पौंडांना विकायचं ठरलं आणि खरेदीदाराने हात आखडता घेतला: यात १९२९ चं काही उरलेलंच नाही, असं त्याचं म्हणणं. ते बरंचसं खरं होतं. शर्यतींच्या काळातच तिचे भाग सतत बदलले गेले होते, १९३२ पर्यंत आठ लिटरचं इंजिनही बसलं होतं. न्यायमूर्ती ऑटन यांनी मात्र विक्रेत्याच्या बाजूने कौल दिला. गाडीचा इतिहास कुठेही तुटलेला नाही, म्हणून ती तीच गाडी आहे. आकड्यांइतकाच कागदपत्रांचा सलग माग महत्त्वाचा, हे त्या निकालाने लख्ख दाखवलं.

भारतातल्या गाड्यांना हे विशेष लागू पडतं. राजकोटच्या ठाकोरसाहेबांसाठी १९३४ मध्ये बनलेली रोल्स-रॉइस फँटम टू घ्या. तिची चेसिस रोल्स-रॉइसची आणि बॉडी थ्रप अँड मेबर्ली या लंडनच्या कोचबिल्डरची. अशा गाडीचे क्रमांक दोन वेगवेगळ्या दप्तरांत शोधावे लागतात. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून सुट्या भागांतून गाड्या जोडत होती. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरने कुर्ल्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या. शिवडी-कुर्ल्याच्या गाडीला अमेरिकेतल्या कारखान्याचे उत्पादनाचे महिनावार तक्ते डोळे मिटून लावता येत नाहीत. भाग बोटीने यायला लागलेला काळ हिशेबात धरावाच लागतो, आणि जुनं आरसी बुक तक्त्यापेक्षा जास्त बोलतं.

२०२१ पासून केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. अट अशी, की चेसिस, बॉडी शेल वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आरटीओत चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून घेतलेला ठसा मागतात, हे जुनी गाडी विकलेल्या कुणालाही ठाऊक आहे. असे ठसे गाडी डेन्टिंग-पेंटिंगला देण्याआधीच घ्यावेत, एका नाही, सगळ्या क्रमांकांचे. सँडब्लास्टिंगच्या एका हातात उथळ आकडे बोथट होतात, आणि रिव्हेट काढून चकाकवलेली पट्टी पुन्हा बसवली की पुढचा खरेदीदार तिच्याकडे संशयानेच पाहतो. सीटच्या सांगाड्यावर, दाराच्या आतल्या अस्तरामागे, लाकडी चौकटीवर खडूने किंवा पंचाने लिहिलेला बॉडी नंबर मिळाला, तर तो जागेसकट फोटोत टिपावा आणि मगच मिस्त्रीला पॉलिश पेपर हातात घेऊ द्यावा.